यंदा उठू नकोस

वाइनची परीक्षा घेणारी माणसं फार सुखी असतात, असा एक गैरसमज आहे. सकाळी सकाळी फुकटची उंची वाइन, वर लोकांचा मान, आणखी काय पाहिजे? लग्नानंतरची पहिली काही वर्षं ताईच्या नवऱ्यालाही असंच वाटायचं. मग त्याला हळूहळू कळत गेलं, की स्पर्धेच्या आठवड्यात घरात कांदा परतायचा नाही, दाढी झाल्यावर गालाला काही लावायचं नाही, वासाचा साबण कपाटात बंद, आणि कॉफी प्यायची तर गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन. "तुझ्या नाकापायी माझ्या नाकी नऊ आलेत," असं तो दरवर्षी म्हणायचा. ताई म्हणायची, "हा विनोद गेल्या वर्षी झालाय."

ताईचं नाक धंद्यात प्रसिद्ध होतं. तोंडावर लोक तिला मॅडम म्हणत आणि पाठ फिरली की नाकताई. हे तिला ठाऊक होतं आणि त्याचा तिला राग नव्हता. राग यायला तिच्याकडे दुसरी कारणं भरपूर होती. घोट घेतला की कवितेत बोलणाऱ्या लोकांचा तिला राग यायचा. 'पावसानंतरच्या जंगलातून चालल्यासारखं वाटतं' असं म्हणणाऱ्या, आणि जन्मात जंगलात पाऊल न टाकलेल्या लोकांचा तर फारच. पण सगळ्यात मोठा राग गुणांवर. म्हणायचं शंभरपैकी गुण, पण सत्तरच्या खाली कोणी उतरत नाही आणि अठ्ठ्याण्णवच्या वर कोणी चढत नाही. म्हणजे सगळी मारामारी त्या मधल्या चिंचोळ्या बोळात. पंच्याऐंशीला कांस्यपदक, नव्वदला रौप्य, पंचाण्णवला सुवर्ण, आणि चौऱ्याऐंशीला भोपळा. चौऱ्याऐंशी आणि पंच्याऐंशीत फरक काय, असं एकदा एका पत्रकाराने विचारलं. ताई म्हणाली, "त्या वेळी माझं डोकं दुखत होतं की नाही, एवढाच." त्याने ते छापलं नाही.

एवढा वैताग होता तर सोडून का दिलं नाही? कारण दुसरं काही येत नव्हतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे, कधीतरी शंभर ग्लासांतून एक ग्लास असा यायचा की त्यामागचा माणूस दिसायचा. घाईचा माणूस, हट्टी माणूस, नुकतं लग्न झालेला माणूस. तेवढ्यासाठी ती उरलेले नव्व्याण्णव चाखून थुंकत बसायची.

हे नाक तिला कुठून आलं, ते सांगायला हवं. ताईचे वडील द्राक्षमळेवाले. घराखाली तळघर, तळघरात मोठमोठी लाकडी पिंपं, आणि त्या पिंपांत त्यांची लाल वाइन. ताई लहानपणी रुसली की तळघरात जाऊन दोन पिंपांच्या मध्ये बसायची. तिथे एक वास होता. जुन्या चामड्याचा, घामेजल्या खोगिराचा, थोडा ओल्या पोत्याचा. मोठेपणी शिकायला गेल्यावर तिला कळलं की हा वास म्हणजे पिंपांच्या लाकडात घर करून बसलेल्या एका रानटी यीस्टची करामत आहे. चिमूटभर असली तर वाइनला खोली देते, लोक तिच्यावर जीव टाकतात. मूठभर झाली की गोठा. वडिलांच्या पिंपांत पसाभर होती.

वडील गेले. मळा, तळघर आणि पिंपं धाकट्या भावाकडे आली. त्याला घरात बाळ्या म्हणत, आणि आता डोक्याचे केस गेले तरी बाळ्याच म्हणत. बाळ्या कष्टाळू होता, पण वाइन गोठ्याचीच व्हायची. ताईने त्याला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं, "पिंपं काढून टाक."

"बाबांची पिंपं आहेत, ताई."

"बाबांची आहेत म्हणून त्यातली घाण काही अत्तर होत नाही."

ताईची जीभ अशीच होती. नाक देवाने दिलं आणि जीभ तिने स्वतः परजली, असं नवरा म्हणायचा.

तर बाळ्या दरवर्षी आपली वाइन त्याच स्पर्धेत पाठवायचा, जिथे ताई परीक्षक. हे चालतं का? चालतं. या धंद्यात प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा मेहुणा, व्याही नाहीतर जुना वैरी असतो. नातेवाईक वगळायचे ठरवले तर खुर्च्यांवर बसायला दारावरचा रखवालदारच उरेल. म्हणून नियम एकच होता. बाटल्या कापडी पिशव्यांत झाकलेल्या, पिशवीवर फक्त आकडा. तरीही आपल्या माणसाची वाइन ओळखू आली, तर परीक्षकाने मुकाट्याने हात वर करायचा, उठायचं आणि बाहेर जायचं. तिचे गुण बाकीचे देतील.

दरवर्षी तो ग्लास नाकाजवळ आला की ताईचा हात वर जायचा. वास लपण्यासारखा नव्हताच. मग ती बाहेर कॉरिडॉरमध्ये, कोट टांगायच्या खुंट्यांशेजारी उभी राहायची आणि आत ते लोक बाळ्याच्या वाइनची लक्तरं काढायचे. कधी सत्त्याहत्तर, कधी ऐंशी. ताईने बाळ्याच्या वाइनला आजवर एकदाही गुण दिले नव्हते. तिचा हात स्वच्छ होता. बाळ्याचं म्हणणं वेगळं होतं. "तू उठलीस की लोकांना वाटतं, सख्ख्या बहिणीला बसवेना अशी वाइन आहे."

यंदा स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"ताई, यंदा उठू नकोस."

"ओळखली तर उठावं लागतं, बाळ्या. नियम मी केलेला नाही."

"मग ओळखून दाखव," तो म्हणाला, आणि हसला. मग हसायचं थांबून म्हणाला, "यंदाही पदक नाही आलं ना, तर पुढच्या हंगामापासून सगळी द्राक्षं रसाच्या कारखान्याला घालणार आहे. वायनरी बंद. बाबांच्या नावाचं लेबल हे शेवटचं."

"धमकी देतोयस?"

"नाही गं. सांगून ठेवतोय. दमलोय मी."

फोन ठेवल्यावर ताई उगाचच नवऱ्यावर खेकसली, की कॉफीचा वास येतोय. त्या दिवशी त्याने कॉफी केलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आपल्या टेबलावर बसली. पांढरंशुभ्र कापड, म्हणजे रंग नीट दिसतो. प्रत्येकापुढे सहा ग्लास, पाण्याचा तांब्या, कोरडा पाव आणि थुंकायची बादली, कारण परीक्षक चाखतो, गिळत नाही. टेबलावर तिघं. अध्यक्ष हे म्हातारे गृहस्थ, ताईचे गुरूच म्हणायचे. घोट तोंडात खेळवताना नळाला हवा लागल्यासारखा आवाज करायचे. तिसरा एक वाइनचा दुकानदार, दोनच वर्षांपूर्वी परीक्षक झालेला, अजून इस्त्रीचा शर्ट घालून येणारा. गुण सांगायची रीत अशी, की सगळ्यात नव्याने आधी बोलायचं, म्हणजे तो मोठ्यांची री ओढत नाही. मग आकडे जुळले नाहीत तर वाद घालायचा, जमेल तितकं जवळ यायचं आणि तिघांची सरासरी काढायची. सरासरी एकदा पक्की झाली की परत फिरायचं नाही.

पहिल्या ग्लासात काही दम नव्हता. तो लगेच निकालात निघाला.

दुसरा ग्लास. ताईने तिरका धरून रंग पाहिला, फिरवला, नाक घातलं. फळ होतं, आंबटपणा बेताचा, कुठे काही खटकत नव्हतं. घोट घेतला, हवा ओढली, थुंकला. पुन्हा घेतला. पुन्हा थुंकला.

"सत्त्याऐंशी," दुकानदार म्हणाला. "अगदी स्वच्छ आहे."

"ऐंशी," ताई म्हणाली.

"मला शहाऐंशी वाटते," अध्यक्ष म्हणाले. "ऐंशी का गं? दोष दाखव."

"दोष नाही, हाच तर त्रास आहे. दवाखान्याच्या फरशीसारखी स्वच्छ आहे. चूक शोधायला जावं तर सापडत नाही, आणि माणूस शोधायला जावं तर तोही सापडत नाही." ताईला सकाळपासून कुणावर तरी चिडायचं होतं आणि ही वाइन आयती समोर आली होती. "घाबरत घाबरत केलीये ही. कुणाच्या तरी धाकाखाली. असल्या वाइनला पदक दिलं तर उद्या सगळेच असली करतील."

दुकानदार जरा वेळ भांडला. पण नाकताईशी भांडायचं म्हणजे काय, ते त्याला दोन वर्षांत कळलं होतं. शेवटी तो चौऱ्याऐंशीवर आला, अध्यक्षही चौऱ्याऐंशीवर आले, ताई उपकार केल्यासारखी एक्क्याऐंशीवर चढली. सरासरी त्र्याऐंशी. पदक नाही. ताईने पाण्याची चूळ भरली आणि तिला बरं वाटलं.

तिसरा ग्लास ठीकठाक निघाला, कांस्यपदक घेऊन गेला.

चौथा तिने उचलला आणि अजून नाकापर्यंत पोचला नव्हता, तोच तिला कळलं. चामडं, खोगीर, ओलं पोतं. पण किती हलकं! आधी दाट फळ, मग लाकूड, आणि त्याच्या मागून, कुणी दार थोडंसं किलकिलं करावं तसा तो वास. पसाभर नाही, मूठभर नाही, चिमूटभर. तिला दोन पिंपांमधली ती जागा दिसली आणि वरून हाक मारणारे वडील ऐकू आले. बाळ्याने साधलं होतं. गाढवाने अखेर साधलं होतं! म्हणूनच म्हणाला होता, ओळखून दाखव.

हात वर करायला हवा होता. ताईचा उजवा हात टेबलावर, पांढऱ्या कापडावर पडला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. ती उठली तर आत उरणार दोघं. दुकानदाराचं नाक तिला माहीत होतं, तो वास आला की दोष म्हणणार. अध्यक्ष हल्ली थकले होते, चटकन हो म्हणायचे. बाळ्याची आयुष्यातली एकमेव चांगली वाइन ऐंशीत गारद होणार आणि आपण खुंट्यांशेजारी उभ्या. कशासाठी? तर आपला हात स्वच्छ राहावा म्हणून. इतकी वर्षं स्वच्छ ठेवला, त्याचं काय लोणचं घालायचंय?

हात कापडावरच राहिला.

"अठ्ठ्याहत्तर," दुकानदार म्हणाला. "पिंपाचा दोष आहे. गोठा मारतोय."

"तुम्ही गोठा कधी पाहिलाय का?" ताईने विचारलं.

"मॅडम, बोलायची पद्धत आहे ती."

"मग पद्धत बाजूला ठेवा आणि परत वास घ्या. शहाण्णव देतेय मी."

दुकानदाराचे डोळे मोठे झाले. ताई शहाण्णव कुणाला देत नसे. मग ताई बोलली. फळ कसं आधी येतं, तो वास कसा मागे राहून आधार देतो, घोट गेल्यावर चव किती वेळ तोंडात रेंगाळते, हे तिने एकेक करून त्याच्या गळी उतरवलं. एकही शब्द खोटा नव्हता. वाइन खरंच तितकी चांगली होती. फक्त बोलणारीने बोलायला नको होतं. अध्यक्षांनी डोळे मिटून, नळाचा तो आवाज करून दोन घोट घेतले आणि म्हणाले, "पंचाण्णव. बरोबर आहे तिचं." दुकानदार शेवटी चौऱ्याण्णववर आला. सरासरी पंचाण्णव. सुवर्ण.

"मॅडम," दुकानदार हळूच म्हणाला, "तुम्ही थुंकला नाहीत. गिळलात."

"वय झालं," ताई म्हणाली.

पुढचे दोन ग्लास कसे होते, ते तिला कधीच आठवलं नाही. तिला आनंद झाला होता आणि तिची तिलाच लाज वाटत होती. दोन्ही एकदम, आणि कुठलं जास्त ते कळत नव्हतं.

दुपारी सगळ्या टेबलांचं काम आटोपल्यावर अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे बाटल्यांच्या पिशव्या सोडल्या. ताई चेहऱ्यावर आश्चर्य आणायच्या तयारीत उभी होती. घरी आरशासमोर करून पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. चौथ्या पिशवीची गाठ सुटली. लेबल निळं होतं. बाळ्याच्या मळ्याखालच्या उतारावरच्या शेजाऱ्याचं.

ताईला वाटलं पिशव्यांची अदलाबदल झाली असेल. मग तिची नजर दुसऱ्या बाटलीवर गेली. तिच्यावर वडिलांचं नाव होतं.

 मग तिने अध्यक्षांना खिडकीपाशी गाठलं.

"सर, माझ्याकडून नियम मोडला. चौथी माझ्या भावाची आहे असं वाटलं मला. तरी मी उठले नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "पण ती त्याची नव्हती."

"नव्हती. पण मला वाटलं होतं."

"वाटण्याला नियम नाही गं. दुसऱ्याच्या वाइनला चांगली म्हणालीस, आणि ती चांगलीच आहे. मी काय मोडलं म्हणून लिहू?"

"मग दुसरी पुन्हा चाखायला ठेवा. मी तिला उगाच पाडलं. तुम्ही दोघं पदक देत होतात."

"दुसरी कुणाची आहे, ते आता तुला माहीत आहे," अध्यक्ष म्हणाले. ते रागाने बोलत नव्हते, हेच वाईट होतं. "आता तिच्याबद्दल तू अवाक्षर काढणं म्हणजे खरा नियम मोडणं. गुपचूप घरी जा."

चूक केली तेव्हा ती चूक ठरली नाही, आणि आता सुधारायला जावं तर ती चूक. ताईला त्या खिडकीच्या काचेवर डोकं आपटावंसं वाटलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये वाइन बनवणारे गोळा झाले होते. तो शेजारी मळेवाला हातात चौथ्या बाटलीतला ग्लास घेऊन स्वतःची वरात निघाल्यासारखा फिरत होता. ताईला पाहून तो धावतच आला.

"तुमच्या बाळासाहेबांची कृपा! ती जुनी पिंपं काढून टाकायची म्हणाले, मी म्हटलं मला द्या. आतून रंध्याने तासली, वाफेवर वाफा दिल्या. सगळा वास काही गेला नाही, पण म्हटलं राहू दे थोडा."

तासायची. फक्त तासायची होती. ताईला हे माहीत नव्हतं असं नाही, पुस्तकात असतं ते. पण तिने बाळ्याला कधी 'तास' म्हटलं नव्हतं. तिने म्हटलं होतं, काढून टाक.

शेजाऱ्याने तो ग्लास प्रेमाने मागे उभ्या असलेल्या बाळ्याच्या हातात कोंबला आणि तो पुढच्या अभिनंदनाकडे वळला. बाळ्या खुंट्यांपाशी उभा होता. नवा शर्ट घातला होता.

"ओळखलीस?" त्याने विचारलं.

"नाही."

बाळ्याचा चेहरा लहानपणी दुसऱ्याचा पतंग कापल्यावर व्हायचा तसा झाला. "म्हटलं नव्हतं, ओळखून दाखव? पिंपं काढली, स्टीलच्या टाक्या आणल्या, तळघराला चुना दिला. तू म्हणायचीस ते सगळं केलं. एक म्हणता एक गोष्ट सोडली नाही. मग? किती?"

"त्र्याऐंशी."

"त्या दुकानदाराने पाडली ना?"

"तो सत्त्याऐंशी देत होता," ताई म्हणाली. "मी पाडली."

"काय दोष होता?"

"दोष नव्हता, बाळ्या."

"मग?"

सकाळी त्या टेबलावर ताईकडे किती शब्द होते! फरशी काय, धाक काय. आता एक सापडेना. बाळ्याने वाट पाहिली. मग काही सुचेना म्हणून त्याने हातातला ग्लास नाकाशी नेला आणि तिथेच थांबला. त्याने डोळे मिटले. ताईला तो चेहरा माहीत होता, कारण सकाळी तिचाही तसाच झाला असणार.

"ह्याला सुवर्ण?"

"हो."

"तू किती दिलेस?"

"शहाण्णव."

"आपली आहे असं वाटलं तुला?"

"हो."

"आणि उठली नाहीस."

"नाही उठले."

बाळ्या हसला, पण आवाज आला नाही. "इतकी वर्षं हा वास आला की तू उठून बाहेर यायचीस, ताई. एकदाच बसून राहिलीस, ती दुसऱ्याच्या वाइनसाठी."

"कारखान्याला लगेच हो म्हणू नकोस," ताई म्हणाली. "पिंपं परत आणू. मी बोलते त्याच्याशी. नुसती तासली तरी..."

"आता नको सांगूस काही," बाळ्या म्हणाला. त्याने ग्लास तिच्या हातात दिला आणि तो जिना उतरून गेला. ताई खुंट्यांशेजारी उभी राहिली, दरवर्षी राहायची तिथेच.